बारावी गल्ली, तेरावा महिना

"मामा, ह्याच्या आधी काय दळलं?"
गहू, म्हटलं.
"मग माझी दोन मुठी नाचणी वाया जाऊ द्या. दगड साफ होतील."
अठ्ठावीस वर्षं चक्की चालवतोय राजारामपुरीत,
असं सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक,
आणि ते आलं इथिओपियातनं,
विद्यापीठात मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करायला.
नाव हिरुत. गल्लीनं आठवड्यात हिरूताई केलं.

भाद्रपदात तिचं नवीन वर्ष.
प्रत्येक दारात चिठ्ठी, मराठीत, स्वतःच्या हातानं:
बुधवारी या. मटण नाही. आमचाही बुधवार पाळायचा असतो.

सकाळी ती म्हशीच्या कट्ट्यावर गेली,
ओल्या गवताच्या दोन पेंढ्या मागितल्या.
"हिरूताई, म्हैस घेतली काय?"
"नाही. पाहुण्यांना."
गवळी दिवसभर सांगत सुटला,
पोरगी पाहुण्यांना गवत घालणार हाय.

गवत फरशीवर अंथरलेलं.
त्याच्या वासानं चौथा मजला तळमजल्यावर आल्यासारखा वाटला.
फुलं पिवळी पाहिजे होती;
पाऊस सरताना तिच्याकडचे डोंगर पिवळे होतात म्हणे.
माझ्या पुतण्यानं मसाई पठारावरनं सोनकी आणली
स्कूटरच्या डिकीत कोंबून, अर्धी मान टाकलेली.
तिनं एक फूल नाकाशी धरलं.
"वास नाही," म्हणाली. मग थांबून,
"आमच्या फुलालापण नाही."

परातीएवढं एकच ताट, त्यावर पसरलेलं जाळीदार काहीतरी.
इंदुमती चौगुले म्हणाल्या, आंबोळी.
निलोफर मुजावर म्हणाल्या, बिघडलेला डोसा.
वर पिठलं. ते मात्र पिठलंच,
हरभरा मीच दळलेला.
तिखट तिच्या आईनं पाठवलेलं.
"आमच्या कांदा-लसणापुढं काय टिकतंय," म्हणत
सर्जेराव वस्ताद बसले
आणि दुसऱ्या घासाला तांब्या शोधू लागले.
एका ताटात सगळ्यांनी जेवायचं.
चौगुल्यांच्या घरी गौर बसलेली,
बाईंचा हात बराच वेळ पदराखाली होता.
मग निघाला.

माझं दशलक्षण. आंबवलेलं चालत नाही.
एवढं दळून देऊन मी भिंतीला टेकून
गरम पाणी पीत बसलो.

तिनं तिथंच कॉफी भाजली,
धूर हातानं एकेकाकडं लोटला.
तीनदा ओतायची म्हणे, तिसरी आशीर्वादाची,
तोवर उठायचं नाही.
चौगुल्यांच्या शर्वरीनं विचारलं, "तुमचं कितवं साल लागलं?"
"दोन हजार सतरा. आणि महिने तेरा."
"मग पगार किती?" वस्ताद.
खिडकीत बसलेलं कबुतर उडालं एवढं हसले सगळे.

मी हिशोबात अडकलो.
सतरा साली रत्नव्वा होती.
चक्कीच्या दारात खुर्ची टाकून
डबे ओळीनं लावायची, झाकणावर खडूनं नावं घालायची,
माझं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून.
हिरूताईच्या मुलखात आज सतराची पहिली सकाळ,
म्हणजे एकोणीसचा पूर अजून यायचाय,
मग ते मास्कचं वर्ष,
मग सीपीआरचा तो जिना.
खुळ्याचा हिशोब.
दळताना असलं काही सुचत नाही,
दगडाच्या आवाजाकडं कान लागतो.

खाली मंडळात आरती सुरू झाली.
ऊन समोरच्या पत्र्यावर हातभर उरलेलं.
ती घाईनं आली, जिना चढून आल्यासारखी,
हातात वाटी.
"मामा, हे आंबवलेलं नाही. नुसतं भाजलंय. सूर्य आहे अजून."
सातू होते.
एक दाणा दाताखाली धरला, सवयीनं.
जरा करपलेला.
दुसऱ्यांदा ओंजळ पुढं केली
आणि म्हटलं, पुढल्या वेळेला
भाजायच्या आधी माझ्याकडं आण.