उघडं बॉनेट

ब्लफकडे जाणाऱ्या रस्त्याला घरं एकाच बाजूला.
दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि असा वारा
की बोलायचं तर मान वळवूनच बोलावं.
तिथं मिसेस डथींची निळी कोरोला उभी होती,
काचेमागं पुठ्ठा : विकणे आहे.
खाली फोन नंबर, शेवटचे दोन आकडे उन्हानं खाल्लेले.

मी उतरलो, नारिंगी जॅकेट चढवलं.
जॅकेट घातलं की माझा आवाज बदलतो, असं सिना म्हणते.
"बाई, विकायची गाडी रस्त्याकडेला लावता येत नाही."
"मग ती पुढची व्हॅन?"
"ती विकायची नाही."
"तुला काय ठाऊक, तावीटा?
योग्य किंमत आली तर इथलं काय विकायचं नाही?"

कलमाचा आकडा मला कधीच पाठ होत नाही.
अर्थ तेवढा पाठ आहे :
रस्ता म्हणजे दुकान नव्हे.
गाडी उभी राहू शकते, दिवसभर, आठवडाभर.
किंमत उभी राहू शकत नाही.
आपल्या आवारात लावा, मग हवे तेवढे पुठ्ठे.

तिचं आवार घरामागं, उतारावर.
तिथून जातात एक मांजर आणि पोस्टमन,
आणि पोस्टमनला गाडी सरकार देतं.

जूनमध्ये डॉक्टरनं डोळ्यांपुढं बोटं धरली.
ती म्हणाली तीन. होती दोन.
लायसन्स तिथंच राहिलं, टेबलावर.
"साठ वर्षांत चुकलं ते एक बोट," म्हणाली,
आणि पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला,
जसा काही मीच मागायला आलो होतो.
माझ्या वहीत 'समज दिली' असा एक रकाना आहे.
तो मी जरा जास्तच भरतो.

मंगळवारी पाहतो तर पुठ्ठा नाही.
बॉनेट मात्र आ वासून,
टेकू मोडका म्हणून खाली लाटणं लावलेलं.
शेजारी स्वयंपाकघरातली खुर्ची, खुर्चीत ती,
मांडीवर डबा, डब्यात गरम चीज रोल.
"बंद पडली?"
"सगळे हेच विचारतात. मी म्हणते,
छे हो, ठणठणीत आहे. विकायचीय."

आमच्याकडं उघडं बॉनेट ओलांडून कुणी जात नाही.
मेंढ्यांचा ट्रक थांबतो, मेंढ्यांसकट.
दुधाच्या टँकरवरचा तामाती थांबतो,
इंजिनात डोकं घालतो, इंजिनाचं काही बोलत नाही,
पर्थला गेलेल्या पोराचं बोलतो.
कुणी गुडघा, कुणी घटस्फोट,
सगळं त्या बॅटरीपाशी ठेवून, हात पुसून जातात.

मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.
उघड्या बॉनेटबद्दल एक ओळ नाही.
चीज रोलबद्दलही नाही.
(खाल्ले. दोन.)

ऑफिसात ग्रीर म्हणाली, ही सरळ पळवाट आहे.
मी म्हटलं, पळवाटेवर पार्किंगला मनाई आहे का?
ती हसली नाही.

योग्य किंमत दोनदा आली.
दोन्ही वेळा मिसेस डथी म्हणाली, उद्या सांगते.
तिसरी आली अनाहेरा, मटणाच्या कारखान्यात नवी लागलेली,
पाळी पहाटे चारची, बस सहाची.
पैसे कमी होते.
"हिला रोज कुठंतरी पोचायचंय," म्हणाली,
आणि चावी दिली. लाटणं ठेवून घेतलं.

परवा गेलो. गाडीएवढं गवत पिवळं पडलेलं,
मधोमध तेलाचा डाग.
खुर्ची तिथंच. ती खुर्चीत. डबा मांडीवर.
विकायचं काहीच नाही.
ट्रक हळू होतात, हॉर्न देतात, जातात.
थांबायचं तर कशासाठी?

मी जॅकेट सीटवरच ठेवलं.
कौन्सिलच्या गाडीचं बॉनेट उघडलं,
हातानं वर धरलं, वाऱ्यात,
आणि ओरडून विचारलं,
लाटणं आहे का जरा?