नाश्त्यासह, दोघांसाठी

रिसेप्शनवरच्या मुलीने दोन पट्टे काढले, नारिंगी,
एक माझ्या मनगटावर चढवला
आणि दुसरा हातात धरून माझ्यामागे बघत राहिली,
टॅक्सीचे पैसे देत कुणी मागे राहिलंय का ते.
म्हटलं, एवढीच.
तिने तो खणात परत ठेवला नाही,
फायलीला टाचला. तसा नियम असेल.

पलंगावर टॉवेलांचे दोन हंस,
चोचीला चोच, मधे जास्वंद.
एकाने मी रात्री अंग पुसलं.
दुसऱ्याची मान तासाभरात आपली आपण पडली.

पैसे परत मिळत नव्हते म्हणून आले.
सगळ्यांना हेच सांगितलं, आणि ते खरंही आहे.
विमानवाल्यांनी अर्धे दिले, दाखला जोडल्यावर.
हॉटेलने कळवलं : दुःखात सहभागी आहोत,
हवी तर तारीख बदलून देऊ.

पहाटे पाचला केस विंचरल्यासारखा आवाज.
मचानो दंताळं ओढतो पुळणीवरून,
भरतीने रात्री आणून टाकलेलं शेवाळ
पाहुणे उठायच्या आत उचलतो.
झांझिबारचा किनारा पांढरा दिसला पाहिजे,
माहितीपत्रकात आहे तसा.
आणि तेच शेवाळ, अगदी तेच,
पार खडकांच्या रांगेपाशी, ओहोटीत,
त्याची बायको झुवेना दोरीला बांधून लावते
गुडघाभर पाण्यात, कंबरेत वाकून.
वाळलं की किलोवर विकतं.
'मग तू फेकतोस ते?'
'तिचंच असेल, तुटून आलेलं.
इथवर आलं की कचरा.'
पोतं भरून संध्याकाळी तो ते घरी नेतो.
मॅनेजर तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो.

उधाणाला इथे बामवुआ म्हणतात.
तेव्हा समुद्र मैलभर मागे सरतो
आणि बायका शेतावर निघाव्यात तशा
डोक्यावर खुंट्यांचे भारे घेऊन समुद्रात चालत जातात.
भांगाच्या दिवसांत पाणी ना धड येतं, ना धड जातं.
त्याला नाव आहे : मेलेलं पाणी.
मी आले ती त्याच दिवसांत.
झुवेना माडाखाली बसली होती, पाय पसरून.
विचारलं, मेलेल्या पाण्यात काय करता?
मचानोने तिला सांगितलं, तिचं मला सांगितलं :
दोऱ्या वळतो.
तिने मला एक टोक धरायला दिलं.
माझा पीळ उलटा पडत होता,
ती न बोलता उसवून परत देत होती.

तिसऱ्या दिवशी खोली झाडणाऱ्या खातिबुने
हंस केले नाहीत.
एकच हत्ती, कान जरा लहानमोठे,
माझा वाचायचा चष्मा त्याच्या सोंडेवर.
मी खूप वेळ हसले. मोठ्याने.
मग दार लावून घेतलं.

नाश्त्याचं टेबल मात्र दोघांचंच मांडतात,
स्वयंपाकघराच्या कागदावर तसंच आहे.
समोरच्या बशीत मांदाझी, गरम, वेलचीची.
आज कावळा आला, राखाडी मानेचा,
खुर्चीच्या पाठीवर बसला
आणि सरळ उचलून घेऊन गेला.

दहाव्याला घाटावर दीड तास ताटकळवलं होतं आम्हाला.
दहीभात, त्याची कांदाभजी,
मग एकेकाच्या शपथा :
फ्लॅटचे हप्ते फेडीन, आईंना अंतर देणार नाही,
रडत बसणार नाही.
झाडावर वीसेक होते. एकही खाली उतरला नाही.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा केला.

वेटर गलोल घेऊन धावत आला, ओशाळलेला.
'सॉरी, मामा. हे कावळे इथले नाहीत,
फार वर्षांपूर्वी जहाजातून आले, तुमच्याकडचेच.'
म्हटलं, असू दे.
'एकदा दिलं की रोज येईल.'
म्हटलं, अजून दोन नाश्ते शिल्लक आहेत.