पाळी

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि माझी रात्रपाळी नेमकी त्याच दिवशी.
हे अखिलानं माझ्याआधी ओळखलं.
फ्रिजवरच्या ड्युटीच्या तक्त्यात तिनं
निळ्या खडूनं पाण्याचे दिवस रंगवले,
काळ्यानं माझे,
आणि दोन्ही जिथं एकावर एक आले
तिथं कागद फाटेपर्यंत गिरवलं.

मी भूलतज्ज्ञ.
गुंगीच्या मॅडम म्हणतात मला सोलापुरात,
म्हणजे डॉक्टरच, पण जरा अलीकडची.
दिवसाला सात-आठ माणसं झोपवते.
घरी सहा वर्षांची एक आहे,
ती माझ्याशिवाय झोपायची नाही.
आता झोपते.
विनायकनं हे आनंदानं सांगितलं, फोनवर,
आणि मीही म्हटलं, अरे वा.

काल पावणेदोनला टेबलावर आली
ती कुंभारीकडच्या घरकुलातली.
बोटांच्या पेरांवर पानांचा काळपट डाग.
रोज किती विड्या, मी विचारलं नाही.
तो डाग मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून वाचता येतो.

पाठ वाकव. मांजरीसारखी.
हनुवटी छातीला लाव, हलू नकोस.
सिस्टरच्या खांद्यावर कपाळ टेकून
ती भिंतीला विचारत होती,
"थोरलीला एकटीच ठिवून आले ओ,
उठली असंल का?"
मी दोन मणक्यांमधली जागा शोधत होते.
नसेल उठली, म्हणाले.
मला काय माहीत.

माझी अम्मा घरातच असायची.
सगळे तेच सांगतात: ती घरात होती
म्हणून तू शिकलीस.
घरात म्हणजे सुपापाशी.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं, दोरा,
हजार झाल्याशिवाय मान वर नाही.
मी पाढे म्हणायचे, ती मोजायची,
सतरा सकला माझं अडलं की तिचंही चुकायचं
आणि दोघी पुन्हा पहिल्यापासून.
सुपाच्या कडेपासून चार बोटांवर बसून
मी तिला हाका मारलेल्या आठवतात.
दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला
"ऊं" यायचं.

संध्याकाळी कारखान्यात छाट निघायची.
शंभरातल्या दहा-बारा, वाकड्या म्हणून.
त्यांचे पैसे नाहीत.
घरी येऊन अम्मा त्यांच्याबद्दल बोलत नसे.
मीही बोलत नाही,
गॅदरिंगमधल्या मोराबद्दल,
किंवा तो पहिला दात,
मी लिफ्टमध्ये पाहिला,
व्हिडिओत, आवाज बंद करून.

दोन वाजून वीस मिनिटांनी बाळ रडलं.
मुलगी. दोन किलो चारशे.
बाईनं मुलगा का मुलगी विचारलं नाही.
विचारलं, "वाजले किती?"
सांगितलं.
"तीनला नळ येतोय आमच्यात.
नऊ वर्साची हाय. भरंल का ओ ती?"
कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं,
ते माझं काम.
वरचं सगळं जागं होतं.
भरेल, म्हणाले.
हे मात्र मला माहीत होतं.
आठव्या वर्षी मी भरायचे,
घागर कमरेवर बसायची नाही
म्हणून पोटाला धरून.

सकाळी घरी आले.
टाकी भरलेली, पिंप भरलेलं,
कुकरसुद्धा भरून ठेवलेला कुणीतरी,
तक्त्यावरच्या काळ्या-निळ्या भोकातून
फ्रिजचा पांढरा पत्रा दिसत होता.
अखिला कुशीवर, माझ्याकडं पाठ करून,
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला.
कुणी न सांगता.
माझं बोट आपोआप तिच्या पाठीवरून उतरत गेलं,
दुसरा, तिसरा, चौथा,
आणि तिथं थांबलं.
झोपेतच म्हणाली, "हात गार आहेत,"
आणि पाठ थोडी आणखी मागं सरकवली.

मोरीतला नळ कुणीतरी उघडाच ठेवला होता.
पाणी कधीच गेलेलं,
नुसती हवा येत होती फुसफुसत.
बंद करायला
मी उठणार होते.