कफील नाही

रुवीच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या डोक्यावर
सहा बाय नऊचं माझं दुकान.
पाटीवर अरबी, अरबीखाली इंग्रजी.
मराठीत फक्त शिव्या,
त्याही बारका स्क्रू गालिच्यात हरवला की.

अकरा वर्षांत शिकलो ते एवढंच,
की कोण कुठली सिस्टिम का वापरतो
हे लगेच विचारू नये.
माणूस आधी पाठ केलेलं सांगतो.
"फास्ट आहे," म्हणतो. "व्हायरस येत नाही."
मग खालून कडक चहा येतो, डब्यातल्या दुधाचा,
आणि खरं कारण कपाच्या तळाशी सापडतं.

कुरुविलाचं विंडोज चोरीचं.
कोपऱ्यात रोज सूचना उगवते: आपली प्रत अस्सल नाही.
तो तिच्यावर कॅलेंडरची खिडकी ओढून ठेवतो,
भिंतीच्या डागावर फोटो टांगावा तशी.
"बोटांना हेच येतं रे.
रिटायर व्हायला आलेली बोटं, त्यांना आता शाळेत घालू नको."

उस्ताद हिलाल भूगोल शिकवतात.
मॅक घेतला, हप्ते अजून चालू आहेत.
मुलगी मँचेस्टरला, तिच्याकडे तोच.
काही अडलं की तिला फोन करता येतो,
म्हणून घेतला.
"मग माझ्याकडे कसे आलात?"
"तिची परीक्षा आहे," म्हणाले,
आणि खिडकीतून डोंगराकडे बघत बसले.

हुसेनमियाँ परकार, खेडचे, रात्रपाळीचे वॉचमन,
यांना मी लिनक्स टाकून दिलं.
बिजागरी तुटलेला लॅपटॉप, त्याला दुसरं झेपलं नसतं.
"पैसे कोणाला द्यायचे?"
कोणालाच नाही.
"मग मालक कोण?"
तसा कोणी नाही, चाचा. जगभरातली माणसं मिळून लिहितात.
"कफील नाही?"
नाही.
"मुदत?"
संपत नाही.
मला वाटलं होतं हसतील.
ते टोपी काढून, डोकं खाजवून म्हणाले,
"मग उद्या बिघडलं तर दाद कोणाकडे मागायची?"

मी म्हटलं, माझ्याकडे.
त्याच आठवड्यात माझ्या फोनवर मेसेज होता:
निवास परवाना, तीस दिवस.
'नंतर आठवण करा' हे बटण
संगणकाच्या मेसेजला असतं. याला नव्हतं.

आणि रेवणकर.
कंत्राटदाराकडे एस्टिमेटर, वाकलेली मान,
त्यांच्याकडे अजून ती जुनी, हिरव्या टेकडीची सिस्टिम,
कंपनीनेच केव्हाची वाऱ्यावर सोडलेली.
मशीन पंख्यासारखं घोंघावतं. सुटे भाग मी भंगारातून आणतो.
मी त्यांना आठवणींत अडकलेला माणूस समजत होतो.

एकदा फाइल उघडली, माझ्या नव्या मशीनवर.
टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली परकी अक्षरं,
पानंच्या पानं.
तीच त्यांच्याकडे उघडली तर
स्वच्छ मराठी, जुन्या फॉन्टमधली:
आज एकोणपन्नास अंश. रजिस्टरात सत्तेचाळीस लिहिलं.
तिसऱ्या मजल्यावरून एक पडला. नाव विचारलं, कोणी सांगेना.
दुपारी सांगितलं. लिहून ठेवतो आहे.
बावीस वर्षांची, तारीखवार.

म्हटलं, रेवणकर, तासाभरात बदलून देतो.
कुठेही उघडेल, फोनवरसुद्धा, कोणालाही वाचता येईल.

त्यांनी हळूच फाइल बंद केली.
"तेच नको आहे," म्हणाले. "सध्या."

टॅक्सीत त्यांनी मशीन मागच्या सीटवर ठेवलं,
टॉवेलमध्ये गुंडाळून,
आणि पुढे बसायच्या आधी
वाकून त्याला पट्टा लावला.