खोलीचा आवाज

कंपनीचं नाव त्री थ्रॉइड, म्हणजे तीन पाय.
कॅमेऱ्याच्या स्टँडला तीन, आणि आम्हीही तिघंच:
एम्रिस भिंगामागे, ग्वेनलिअन बाकी सगळीकडे,
मी कानांवर हेडफोन चढवून.
गाव म्हणालं, तिघाडा आहे, बिघडणारच.

इथल्या डोंगरातून निम्म्या जगाच्या छपरांना
पाटीचा दगड गेला,
आणि दुकानावर पाटी लावायला आमच्याकडे पैसे नव्हते.
ह्यू खाटकाचं बंद दुकान. छताला आकडे तसेच.
मेंढ्यांच्या जागी केबलींची भेंडोळी टांगली.
एडिटिंग शीतगृहात.
मशीनं खूश, माणसं कुडकुडत.

पहिलं काम, मेंढपाळ कुत्र्यांच्या शर्यती, सहा भाग.
पाचव्यात कुत्री ऐन मैदानात व्याली.
लोकांना तेवढाच आठवतो.

मग मुलांसाठी एका कानाचं पाणमांजर,
आतला हात ग्वेनलिअनचा, आवाज माझा.
पुढे बँकेतला पोरगा कर्ज नाकारताना म्हणाला,
एकदा तो आवाज काढा ना.
काढला.

चौदा वर्षं.
मग कार्डिफहून पत्र, चार ओळींचं, सभ्य:
यापुढे मोठ्या कंपन्यांशीच.
एम्रिस लग्नं शूट करू लागला.
खाणीतली धूळ त्यानं चारच वर्षं खाल्ली होती,
पण तिनं हिशेब ठेवला होता.

टेप महाग, म्हणून टेपवरच टेप केली आम्ही.
पाणमांजरावर नगरपालिकेची बैठक,
बैठकीवर रग्बी.

आता दुकान विकलंय. शेवटची पेटी.
चिकटलेल्या टेपा ग्वेनलिअननं
मंद ओव्हनमध्ये आठ तास शेकल्या.
एकीवर काहीच नाही, नुसता काळोख,
आणि त्यात माझा विशीतला रुबाब:
'खोलीचा आवाज, तीस सेकंद. कुणी हलू नका.'

असा घ्यावाच लागतो, प्रत्येक ठिकाणी,
पुढे शब्दांमधल्या फटी बुजवायला.

शीतगृहाची घरघर. लांब एक मेंढी.
ग्वेनलिअनचं दाबलेलं हसू.
आणि एम्रिसचा श्वास,
तेव्हाच जरासा शिट्टी वाजवणारा.
मी खेकसतो: श्वास येतोय तुझा, पुन्हा घेऊ.

पुन्हा घेतला. तो स्वच्छ होता, कार्यक्रमात गेला,
कार्यक्रम रग्बीखाली गेला.
हा फुकट गेलेला.

मी टेप मागे नेऊन परत लावली.
ओव्हन बंद करायला निघालेली ग्वेनलिअन
खुर्चीतून अर्धवट उठलेली, तशीच थांबली.
कुणी हलू नका म्हटल्यावर
हलणार कशी.