पंच्याऐंशी धरू?

"काकू, आयुष्य किती धरायचं?
पंच्याऐंशी धरू?"
पारस जैन, वय सव्वीस, मांडीवर लॅपटॉप,
विचारतो असा, जसा
दौलतगंजातला गजकवाला विचारतो:
पाव देऊ की अर्धा?

मी म्हटलं, ब्याण्णव धर.
सोफ्यावरून शरच्चंद्र म्हणाले,
माझं अठ्ठ्याहत्तर पुरे, कंटाळा येतो.
पारसनं दोन्ही आकडे टाकले,
आणि शेवटची सतरा वर्षं
पडद्यावर मी एकटी राहिले,
सहा टक्के महागाईसकट.

चौतीस वर्षं झाशी रोडच्या कचेरीत
मी दुसऱ्यांची म्हातारपणं मोजली.
श्योपुरचे पटवारी, भिंडचे हवालदार,
मुरारच्या एक नर्सबाई, ज्यांची जन्मतारीख
तीन कागदांवर तीन होती.
खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची:
पेन्शनचा तिसरा हिस्सा विकता येतो,
रोख मिळते,
पंधरा वर्षं जगलात तर विकलेलं परत सुरू होतं.
"और न जिए तो?"
एका बाईनं विचारलं होतं, नवऱ्याच्या मागं उभं राहून.
त्याला फॉर्म नव्हता.
मी पुढची फाईल ओढली.

"आणि ही एफडी, काकू? सत्तर हजार दोनशे.
ही कुठंच जोडलेली नाही."

नाही जोडलेली.
ती बाबांची.

बाबा गिरणीत, सूतखात्यात.
एका सकाळी भोंगा झाला नाही,
तरी ते डबा घेऊन निघाले,
फाटकावरचा कागद वाचून
डबा तसाच भरलेला घेऊन आले.
आई काही बोलली नाही. दुपारी तोच जेवलो सगळे.
मग कोर्ट, मग तारखा,
मग तेवीस वर्षांनी गिरणीनं दिलेले
एक लाख चौदा हजार सहाशे,
वारस तीन.
बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

ग्वाल्हेरचा जानेवारी, पारा चारवर,
नळाचं पाणी दातांत शिरणारं,
आणि बाबा मोरीत, गार पाण्याचा तांब्या,
तोंडानं अथर्वशीर्ष, फार भरभर.
बंब कोपऱ्यात चकचकीत, फक्त घासलेला.
लाकडं वाचतात, म्हणायचे.
मी ऑडिटवाली, हिशेब काढलाय:
वर्षाला दोनशे दहा रुपये वाचायचे.

"याचं ध्येय काय लिहू?" पारसनं विचारलं.
त्याच्या यादीत परदेश प्रवास होता,
नातवंडाचं शिक्षण, गुडघा, तीर्थयात्रा.
म्हटलं, गीझर लिही.
"गीझर दहा-बारा हजारांत येईल, काकू."
मोठा घे. पंचवीस लिटरचा.
"आणि बाकीचे?"
विजेच्या बिलाला. ब्याण्णवपर्यंत.

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.
मग त्यानं माझ्याकडं पाहिलं,
आणि गुपचूप टाईप केलं:
गरम पाणी, बत्तीस हिवाळे.

शरच्चंद्रांनी पेपर खाली ठेवला.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"ऐक रे," म्हणाले,
"माझं ते अठ्ठ्याहत्तर खोड.
पंच्याऐंशी धर."