पान राहिलं

पहिलं पान वाळवीने खाल्लं.
कर्त्याच्या नावातलं शेवटचं ‘मान’ तेवढं सोडलं.
लिबेरात म्हणाला, बघा, वाळवीनेसुद्धा मान राखला.
बाकी कुणी राखल्याचं दिसत नाही.
एर्मेलिंदाच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत
पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी लिहिलेलं हे त्रिकूट
डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून होतं,
वर कुणाचा तरी बाप्तिस्म्याचा झगा.

चार महिने, दर गुरुवारी, आम्ही फेरीने दिवाडीला जात होतो.
केंकऱ्यांचा चेलो मोटरसायकलींच्या मधोमध उभा,
जागा दोन माणसांची, तिकीट एकाचंही नाही.
‘भितर कितें आसा?’ नवा माणूस विचारायचा.
केंकरे सहकारी बँकेत.
उत्तर ठरलेलं: ‘कर्ज.’

मी वाजवत नाही. मी पानं उलटते.
म्हार्दोळच्या भजनात वाढले,
ही लिपी चाळिशीनंतर शिकले;
आधी वाटायचं, पाच दोऱ्यांवर कुणी बोंबील वाळत घातलेत.
एर्मेलिंदाने मान हलवली की उलटायचं,
डाव्या हाताने, वरच्या कोपऱ्याला धरून,
पदर खोचून,
बांगड्या आदल्या रात्रीच काढून ठेवून.

दुसऱ्या भागात हा जो कोण मान,
तो एक सूर उचलतो
आणि समेवर आणतच नाही.
पाहुणा ‘निघतो’ म्हणतो,
चपला घालतो,
आणि मग पायरीवरच अर्धा तास बोलत राहतो, तसं.
तालमीत मला दर वेळी वाटे, आता गेला.
गेलेला नसे.

डिसेंबरातला शनिवार.
तेवीस माणसं, त्यातली सहा एर्मेलिंदाची भाचरं.
शिंपल्यांच्या खिडक्यांना आतून घाम.
पियानोची खालची एक पट्टी दाबली की वर येत नाही,
ती नखाने उचलायची;
हे उचलणंही आता लयीत बसलेलं.
दमट दिवशी मी पानांत पावडर भुरभुरायचे.
त्या दिवशी विसरले.

मान हलली. मी उलटलं.
एकाऐवजी दोन.
समोरासमोरची दोन पानं
तोंडाला तोंड लावून चिकटलेली, आणि मी पुढे.

एर्मेलिंदा थांबली नाही.
लिबेरातचा गज हवेत एवढासा अडखळला,
केंकरे खालच्या तारेवरून चाचपडत तिच्या मागे आले,
आणि पाहुणा बोलणं अर्ध्यावर टाकून
पायऱ्या उतरून गेला.

कुणाला कळलं नाही.
अनोळखी संगीताची ही एक सोय.
टाळ्या झाल्या. एका भाच्याने शिट्टी मारली.
काळ्या झग्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी
डोळे पुसले होते
नेमके तिथे, जिथे काहीच नव्हतं.

पॅटिस संपले, माणसं गेली.
मी म्हटलं, माझ्यामुळे झालं.
‘म्हाका खबर आसा,’ एर्मेलिंदा म्हणाली,
आणि पुन्हा स्टुलावर बसली.
शेवटच्या फेरीला पंचवीस मिनिटं.
केंकऱ्यांनी घड्याळ पाहिलं, पेटी उघडली.
मी सुरीने पानं सोडवली. एक कोपरा फाटला.

दोनच पानं. मागचं नाही, पुढचं नाही.
सुरुवात अधांतरी, शेवटही.
खुर्च्या रचणारा सान्तान
दोन खुर्च्या हातात धरून तसाच उभा.
उलटायला काही नव्हतं म्हणून मीही उभी.
दुसरी प्रत जगात असेल, नसेल.
कुणी जेवायचं राहिलं तर
ताट झाकून ठेवतात,
इतक्याच साधेपणाने त्यांनी ते वाजवलं,
पट्टी नखाने उचलत.

मग भोंगा झाला आणि आम्ही धावलो,
चेलो पालखीसारखा, पुढे लिबेरात, मागे केंकरे.
खलाशाने काही विचारलं नाही,
फळी जरा उशिरा उचलली.

नदीच्या मध्यावर लक्षात आलं,
बोटाला कागदाचा कपटा चिकटलाय,
त्यावर एक सूर, अर्धाच.
त्याची दांडी वर होती की खाली,
दिव्याखाली धरला, तरी कळेना.